ऑनलाइन चष्मा मागवताना: नंबर कसा भरायचा, पीडी कशी मोजायची, आणि किनारपट्टीवरचे स्वस्त पर्याय

सागरगोटा

तालुक्याच्या गावी चष्म्याची दोन-चार दुकानं असतात. तिथली फ्रेम परवडत नाही म्हणून आता देवगडपासून दापोलीपर्यंत मंडळी फोनवरून चष्मा मागवतात. मागवायला हरकत नाही. पण काटकसर करायची ती फ्रेमवरच्या नावात आणि कोटिंगच्या भरमसाट यादीत करा. डोळ्यांची तपासणी आणि मोजमाप यांत एक रुपयाही वाचवू नका. मोजमाप पक्कं असेल तर साध्या फ्रेमचा चष्माही उत्तम चालतो. ते चुकलं तर महागातली फ्रेम घेऊनही डोकं दुखतं.

सगळ्यात जास्त घोळ चिठ्ठी वाचताना होतो, म्हणून तिथून सुरुवात करतो.

ओडी किंवा आरई म्हणजे उजवा डोळा, ओएस किंवा एलई म्हणजे डावा. पहिला रकाना स्फिअरचा, म्हणजे गोल नंबर. दुसरा सिलिंडरचा, ज्याला आपण आडवा नंबर म्हणतो. तिसरा अ‍ॅक्सिसचा, १ ते १८० अंश. नंबर पाव-पावने बदलतो. चिठ्ठीत घाईने १२५ लिहिलेलं असेल तर ते १.२५ असतं. पुढे डीएस लिहिलं असेल तर आडवा नंबर नाही असं समजा. प्लानो किंवा पीएल म्हणजे शून्य. ६/६ आणि एन-६ हे नंबर नव्हेत. त्या चष्म्याने किती बारीक दिसलं त्याची ती नोंद आहे, ती कुठल्याही रकान्यात भरू नका.

आता चिन्ह. काही डॉक्टर आडवा नंबर अधिकमध्ये लिहितात, आणि काही साइटवर फक्त उण्याचा पर्याय असतो. अशा वेळी नुसतं चिन्ह बदललं की चष्मा पूर्ण चुकतो. रूपांतर असं करायचं: गोल आणि आडवा नंबर चिन्हांसकट एकत्र करा, तो नवा गोल नंबर. आडव्याचं चिन्ह उलटवा. अ‍ॅक्सिसमध्ये ९० मिळवा, उत्तर १८०च्या वर गेलं तर त्यातून १८० वजा करा. म्हणजे −२.०० / +१.०० × ९० हा नंबर −१.०० / −१.०० × १८० असा होतो. दोन्ही लिखाणांत लेन्स एकच.

जवळच्या नंबरात याहून मोठा घोटाळा होतो. साइट 'अ‍ॅडिशन' (दूरच्या नंबरावर जवळसाठी लागणारी भर) मागते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत 'जवळचे' म्हणून एकूण नंबर लिहिलेला असतो. दूरचा +१.०० आणि जवळचा +३.०० असेल तर अ‍ॅडिशन +२.००. तिथे +३.०० भरलंत तर जवळचा नंबर +४.०० होऊन बसेल आणि पेपर नाकाशी धरल्याशिवाय अक्षर लागणार नाही. दूरचा −१.०० आणि जवळचा +१.०० असेल तरीही अ‍ॅडिशन +२.००च.

कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर चष्म्याला वापरू नका. लेन्स बुबुळाला चिकटलेली असते, चष्मा साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो. चारच्या पुढे हा फरक जाणवतो: चष्म्याचा −६.०० असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स −५.५०च्या आसपास येते.

फणसपोळी

उपयुक्त धागा. एक अडचण: साइट पीडी मागते, आणि चिठ्ठीवर ती कधीच नसते. फोनच्या कॅमेऱ्याने मोजलेली चालते का?

काचकाम

फणसपोळी ताई, पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत बहुधा ५४ ते ७४च्या दरम्यान असतं. आधी एक करा: कम्प्युटरवर डोळे तपासतात तेव्हा मशिनमधून छोटी पावती निघते, तिच्यावर खाली बहुतेक वेळा पीडी छापलेली असते. ती मागून घ्या. मात्र त्या पावतीवरचा नंबर साइटवर भरू नका. मशीन फक्त अंदाज देतं. समोर काचा बदलून, "ही बरी की ती" असं विचारून जो ठरतो तोच खरा नंबर. पावती अपलोड करून चष्मा मागवणं हे ऑनलाइन चष्मे फसण्याचं मोठं कारण आहे.

पावती नसेल तर घरी मोजता येते, पण दुसरा माणूस हवा. मिलिमीटरची सरळ पट्टी घ्या, कंपासपेटीतली चालेल. समोरासमोर एका उंचीवर बसा, अंतर सुमारे ४० सेंटिमीटर. पट्टी नाकाच्या दांड्यावर टेकवा. मोजणाऱ्याने स्वतःचा उजवा डोळा मिटायचा, तुम्ही त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायचं. पट्टीचा शून्य तुमच्या उजव्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर लावायचा. मग पट्टी आणि डोकं न हलवता त्याने डावा मिटून उजवा उघडायचा, तुम्ही त्या उजव्या डोळ्यात बघायचं, आणि त्याने तुमच्या डाव्या बुबुळाची आतली कड कुठे येते ते वाचायचं. आपली बुबुळं गडद असल्याने बाहुलीची कड नीट दिसत नाही, म्हणून बुबुळाच्या कडा धरायच्या. तीनदा मोजा. तिन्ही वेळा एका मिलिमीटरच्या आत आलं तर बरोबर. फक्त वाचायचा चष्मा असेल तर त्यातून ३ मिलिमीटर वजा करा.

फोनचा कॅमेरा छोट्या नंबराला चालून जातो. का चालतो ते हिशेबाने बघा. लेन्सचा मध्य बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकला, त्याला नंबराने गुणलं की प्रिझमचा परिणाम येतो, म्हणजे काच प्रतिमा किती बाजूला सरकवते ते माप. दोन्ही मिळून ४ मिलिमीटरची चूक असेल तर −१.००ला ०.४ प्रिझम, डोळा ते सहज सोसतो. −६.००ला तीच चूक २.४ प्रिझम होते. मग दुपारनंतर कपाळ ठणकतं, कधी दोन-दोन दिसतं. तिनाच्या वर नंबर असेल तर पट्टीने किंवा दुकानातल्या पीडी मीटरनेच मोजा. दुकानदाराला मोजणीचे पैसे द्या. ते काम त्याच्या कौशल्याचं आहे, फुकट मागू नये.

आता फ्रेमचं माप. दांडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, दांडीची लांबी. सध्याच्या चष्म्यावरचे आकडे बघून तेवढ्याच मापाची नवी फ्रेम निवडली की बसण्याची चिंता निम्मी मिटते. पहिले दोन आकडे मिळवा, ५२ अधिक १८ म्हणजे ७०. तुमची पीडी ६२ असेल तर प्रत्येक लेन्सचा मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. उणे नंबरात तेवढी बाहेरची कड जाड होते.

जास्त नंबरवाल्यांनी हे नीट वाचा. −६.००ला ५२-१८ फ्रेममध्ये साधी सीआर (नेहमीच्या प्लास्टिकची) लेन्स घातली तर बाहेरची कड ७ मिलिमीटरच्या आसपास जाते. १.६७ अपवर्तनांकाची पातळ लेन्स घेतली तर ती ५ ते साडेपाचवर येते, आणि दर चांगलाच चढतो. तीच सीआर लेन्स ४६-२० मापाच्या गोलसर फ्रेममध्ये घातली तर कड ६च्या आत राहते. म्हणजे छोटी फ्रेम निवडली की महागड्या लेन्सचं बरंचसं काम तिथेच होतं. रुंद चौकोनी फ्रेमची चलती असली तरी जाड नंबराला ती घेऊ नका.

सागरगोटा

काचकाम, छोट्या फ्रेमचा मुद्दा फार मोलाचा. लेन्सचं साहित्य थोडं जोडतो. सीआर सर्वांत स्वस्त आणि दिसायला सर्वांत स्वच्छ. पॉलिकार्बोनेट फुटायला कठीण, म्हणून मुलांना, दुचाकीवर फिरणाऱ्यांना, आणि रिमलेस फ्रेमला तेच. पण त्यात कडेने बघताना थोडी रंगीत झालर दिसू शकते, आणि नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन लागलं तर काच कायमची धुरकट होते. तिनापर्यंतच्या नंबराला १.६७ किंवा १.७४ लेन्स घेऊन फरक जवळजवळ दिसत नाही. तिथे कोणी आग्रह केला तरी पैसे घालू नका.

माडाची_झाप

डिलिव्हरीबद्दल कोणीच बोललं नाही. वाडीपर्यंत कुरिअर येतं का ते पिनकोड टाकून आधी बघा. येत नसेल तर तालुक्याच्या गावी नातेवाइकांचा किंवा दुकानाचा पत्ता द्या. पावसात घाट बंद पडला की पार्सल आठवडाभर अडकतं, म्हणून एकमेव चष्मा तुटल्यावर जुलैत ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका.

आणि परतीची मुदत. ती पार्सल पोचल्यापासून मोजतात. पुष्कळ जण मुंबईच्या पत्त्यावर मागवतात आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या हाती गावी पाठवतात. म्हाताऱ्या माणसाने चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत मुदत संपलेली असते. ज्याचा चष्मा, त्याच्याच पत्त्यावर मागवावा. ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी वाचा: नंबर घातलेली लेन्स परत घेतात का, आणि चूक ग्राहकाची असेल तर नवी लेन्स कोणाच्या खर्चाने. बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून नंबरचे चष्मे, लेन्स आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ऐवजी ५ टक्के आहे, तो बिलावर तपासा.

बांगडो

माका येक सांगा, बाजारातली रेडीमेड चाळशी लावली तर डोळे बिघडतत काय? आवशीसाठी विचारतंय. ती जाळी सांधता.

सागरगोटा

बांगडो दादा, नाही, डोळे बिघडत नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, आडवा नंबर नसेल आणि दूरचं स्वच्छ दिसत असेल तर रेडीमेड चाळशी हा सर्वांत स्वस्त आणि योग्य पर्याय आहे. साधारण +१.०० ते +३.५० मिळते, शंभर-दोनशे रुपयांत. दोन्ही डोळ्यांत फरक असेल तर मात्र एकच डोळा काम करतो आणि डोकं जड होतं.

तुमच्या आईच्या बाबतीत अंतर महत्त्वाचं. वाचायचा नंबर ४० सेंटिमीटर धरून काढतात. जाळं मांडीवर आणि पुढे पसरलेलं असतं, नजर ५० ते ७० सेंटिमीटरवर असते. वाचायच्या नंबराने तिथे धूसर दिसणार. टेपने डोळा ते गाठ हे अंतर मोजा आणि तपासताना तेच सांगा. बहुधा वाचायच्या नंबरापेक्षा अर्धा ते एक कमी लागतो. शिलाई मशीन, काजू सोलणं, दुकानातली वजनकाट्यावरची नजर, सगळ्यांना हेच लागू. विकत घेताना चाळशी लावून नेहमीच्या अंतरावर सुई ओवून बघावी.

पण एक अट. आईंचे डोळे कधीच तपासले नसतील तर एकदा डॉक्टरांकडे न्या. डोळ्याचा दाब वाढला असेल तर ते नंबर तपासून कळत नाही, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू पिकताना तर चाळशीशिवाय वाचता येऊ लागतं, आणि घरचे खूश होतात. अचानक बदललेला नंबर हे तपासणीचं कारण आहे, नव्या चष्म्याचं नव्हे.

फणसपोळी

फ्रेम कुठली टिकते? बंदराजवळच्या घरांत वर्षभरात नाकाजवळ हिरवं साठतं आणि स्क्रू गंजून अडकतात.

काचकाम

ते हिरवं म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूवर घाम आणि खारी हवा बसून चढलेला थर. स्वस्त धातूच्या फ्रेममध्ये मुलामा उडाला की सुरू होतो. किनाऱ्यावर तीन पर्याय बरे. टीआर-९० नायलॉनसारखं असतं, हलकं आणि न गंजणारं, पण गरम करून हवा तसा आकार देता येत नाही. म्हणून आधीच मापाची घ्यावी लागते. अ‍ॅसिटेटची शेल फ्रेम गरम करून वाकवता येते, पण घामाने वर्ष-दोन वर्षांत पांढरट पडते. ती पॉलिश करून मिळते. टायटॅनियम गंजत नाही आणि नीट वापरलं तर बरीच वर्षं जातं. ऑनलाइन वर्णनात 'टायटॅनियम फिनिश' लिहिलं असेल तर तो फक्त रंग समजा.

सुप्रा म्हणजे खालून तार असलेली अर्धी फ्रेम. तिची नायलॉन तार सुटली तर लेन्स पडते. होडीवर जाणाऱ्यांनी ती आणि रिमलेस दोन्ही टाळाव्यात, आणि चष्म्याला दोरी लावावी.

समुद्रावरून आल्यावर काच कोरडी पुसू नका. मिठाचे कण फडक्याखाली घासून काचेवर चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याखाली धरा, मग बोटांनी भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब, परत पाणी, आणि मग सुती मऊ फडकं. पाणी थंड किंवा कोमट. कढत पाण्याने आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्याने काच आणि कोटिंग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि कोटिंगला जाळीदार तडे जातात. ते दुरुस्त होत नाहीत, लेन्सच बदलावी लागते. पावसाळ्यात बंद चामड्याच्या डबीत बुरशी धरते, डबी अधूनमधून उघडी वाळवा. स्क्रूला सहा महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईने लावला की अडकत नाही.

खाजणातली_वाट

ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारी काच) घ्यावं का? दर साइट तेच पुढे करते. आणि उन्हात काळा होणारा चष्मा?

सागरगोटा

ब्लू कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो याला आधार मिळालेला नाही. २०२३मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या लेन्सच्या तुलनेत थोड्या काळात फरक आढळला नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी तो चष्मा सुचवत नाही. त्याऐवजी प्रतिबिंब रोखणारं एआरसी कोटिंग घ्या. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटून दिसत नाहीत, हायवेवर त्याचा उपयोग कळतो.

काळा होणारा फोटोक्रोमिक चष्मा गरम हवेत कमी काळा होतो आणि गाडीच्या काचेआड जवळजवळ होतच नाही, कारण त्याला लागणारे अतिनील किरण काच अडवते. एप्रिल-मेच्या उन्हासाठी जुन्या फ्रेममध्ये नंबरची रंगीत सीआर लेन्स टाकून घेणं स्वस्त पडतं. पाण्यावर काम असेल तर पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारी.

सड्यावरची

मुलांचं आणि सरकारी सोयींचं लिहिते. हे पर्याय लोकांना ठाऊकच नसतात.

मुलांचा पहिला चष्मा ऑनलाइन नको. मुलाचा डोळा तपासताना स्वतःच ताण घेतो आणि खोटा उणे नंबर दाखवतो, म्हणून थेंब घालून तपासावं लागतं. फ्रेम नाकावरून घसरली की मूल काचेच्या वरून बघतं आणि नंबर बरोबर असूनही उपयोग होत नाही.

शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात नजरही येते. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची तरतूद आहे, आणि गरजू वृद्धांना जवळच्या चष्म्याचीही. मुख्याध्यापकांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्रविभागात विचारा. बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी ठरावीक वारी बसतात, जाण्याआधी वार विचारून जा. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागची जिल्हा रुग्णालयं आहेतच. डेरवणचं वालावलकर रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, तिथेही नेत्रविभाग आहे. तिथून नंबर काढून घेतला की चष्मा कुठूनही बनवायला तुम्ही मोकळे.

६५च्या पुढच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४मध्ये आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३००० रुपये थेट खात्यात मिळण्याची तरतूद त्यात आहे, आणि चष्मा त्या साधनांच्या यादीत आहे. सध्या अर्ज घेतात का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा, आधार बँकेशी जोडलेलं ठेवा.

माडाची_झाप

सड्यावरची ताई, +१. आणखी एक मधला मार्ग: फ्रेम ऑनलाइन किंवा जुनीच, आणि लेन्स गावातल्या दुकानातून. पीडी तोच मोजतो, चूक निघाली तर समोर उभा असतो. जुनी फ्रेम लेन्स बसवताना मोडली तर जबाबदारी कोणाची, एवढं आधी बोलून घ्या. अ‍ॅसिटेट वाळून कडक झालं असेल तर मोडतेच.

खाजणातली_वाट

आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरचा-जवळचा, पण रेघ नसलेला? दुकानात सांगितलेला दर ऐकून ऑनलाइनकडे बघतोय.

काचकाम

पहिला प्रोग्रेसिव्ह दुकानातूनच घ्या. त्यात पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी लागते, आणि बाहुली काचेच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर येते तेही लागतं. ही उंची तीच फ्रेम चेहऱ्यावर बसवून, काचेवर पेनाने ठिपका देऊन मोजतात. फोटोवरून अंदाजाने धरली आणि दोन-तीन मिलिमीटर चुकली, तर वाचायला हनुवटी वर करावी लागते किंवा पायऱ्या उतरताना पावलं धूसर दिसतात. काच बसकी असेल तर वाचायचा भाग कापलाच जातो, लेन्सप्रमाणे किमान १४ ते १८ मिलिमीटर उंची लागते.

दर परवडत नसेल तर केटी किंवा डी बायफोकल (एकाच काचेत दूरचा आणि खाली जवळचा नंबर) आजही उत्तम. रेघ दिसते एवढंच. नाहीतर दूरचा एक आणि जवळचा एक, असे दोन साधे चष्मे. ते ऑनलाइन निर्धास्त मागवा.

प्रोग्रेसिव्ह आला की काचेवर वाफ सोडून ट्यूबलाइटकडे तिरपी धरा. प्रत्येक काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा दिसतात, आणि कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशन कोरलेलं असतं. ते चिठ्ठीशी जुळवा. दोन्ही काचांच्या खुणा आडव्या रेषेत नसतील तर काच फिरलेली आहे.

फणसपोळी

साधा चष्मा आल्यावर घरी काय तपासायचं?

काचकाम

एकेक डोळा झाकून दूरची पाटी वाचा. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर डाव्या-उजव्याची अदलाबदल इथेच कळते. मग चष्मा हातभर दूर धरून खिडकीच्या गजाकडे बघा आणि काच हलवा. उणे नंबरात गज काचेच्या दिशेने सरकतो, अधिकमध्ये उलट. काच चाकासारखी फिरवल्यावर गज तिरपा होत असेल तर आडवा नंबर घातलेला आहे. आडवा नंबर नसेल तर मध्यही सापडतो: काचेतून दिसणारा गज आणि बाहेरचा गज अखंड एका रेषेत येतील तिथे, उभ्या आणि आडव्या दोन्ही गजांवर, पेनाने ठिपका द्या. दोन्ही काचांच्या ठिपक्यांमधलं अंतर तुमच्या पीडीच्या २ मिलिमीटरच्या आत हवं.

आडवा नंबर असेल तर दुकानात लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या मशिनवर) बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मध्यम नंबरात ०.१२पर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मशिनवरच्या आकड्यांचा फोटो काढून त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

आडवा नंबर नवा असेल किंवा बदलला असेल तर जमीन तिरपी वाटते. दिवसभर लावला की बहुधा आठवड्यात बसतं. दोन आठवड्यांनीही तसंच राहिलं तर आधी लेन्स चिठ्ठीशी जुळवा. ती बरोबर निघाली तरच नंबर परत तपासा.

बांगडो

आवशीक शुगर आसा. आणि मोतीबिंदूचा ऑपरेशन सांगितल्यानी. चष्मो आधी करू की मागसून?

सागरगोटा

नंतर, दादा. ऑपरेशनने नंबर पूर्ण बदलतो. आता केलेला चष्मा महिन्याभरात निकामी होईल. टाके, सूज निवून नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करा. तोवर जवळच्या कामाला रेडीमेड चाळशी पुरते. आणि साखर वर-खाली होत असताना नंबरही हलतो. म्हणून काही आठवडे साखर आटोक्यात असेल तेव्हाच नंबर काढा, आणि त्याच वेळी थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासायला सांगा.